सीपीयू चालू, स्क्रीन काळी : 'मदरबोर्ड गेला' हे मान्य करण्याआधी

व्हिडिओत मी हात चालवून दाखवलंय, स्क्रू कुठला, क्लिप कुठली, ते तिथे बघा. इथे थोडं सावकाश लिहितो, कारण कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने आणि का करायची हे व्हिडिओत नीट सांगता येत नाही. आणि 'डिस्प्ले नाही' या तक्रारीत क्रम हीच खरी विद्या आहे.

आमच्या घाटंजीत ही तक्रार साधारण एकाच वाक्यात येते, "भाऊ, सीपीयू चालू होऊन राहिला, पण काहीच दिसून नाही राहिलं." बोलणारा कृषी केंद्रवाला असतो, झेरॉक्सवाला असतो, सेवा केंद्र चालवणारी ताई असते. वेळही ठरलेली. पेरणीच्या तोंडावर, जुलैअखेर पीकविम्याच्या गर्दीत, नाहीतर दिवाळीच्या आधी. समजा तुमच्याकडे दिवसाला ४० छोटी कामं होतात आणि एका कामाचे ५० रुपये सुटतात. म्हणजे कॉम्प्युटर एक दिवस बंद राहिला तर २,००० रुपये गेले, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं ते वेगळंच. म्हणून माणूस घाबरतो, डब्बा उचलतो, गाडीवर टाकतो आणि जो पहिला भेटेल त्याच्या टेबलावर ठेवतो. समोरचा दोन मिनिटं बघून सांगतो, "मदरबोर्ड गेला." आपण विचारत नाही की कशावरून गेला.

हा धडा त्या 'कशावरून'साठी आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. आपण सगळे त्या उभ्या डब्ब्याला सीपीयू म्हणतो. पुस्तकात सीपीयू म्हणजे आतली छोटी चिप, प्रोसेसर. मी इथे डब्ब्याला डब्बा म्हणेन आणि चिपला प्रोसेसर, म्हणजे घोळ नको.

आधी ऐका, मग बघा, मग हात लावा

काळी स्क्रीन हा एक आजार नाही. निदान चार वेगळे आजार एकच लक्षण दाखवतात, ताप कशाचाही असू शकतो तसं. म्हणून बटन दाबा आणि एक मिनिट काहीही न करता उभे राहा.

डब्ब्यात काहीच हालचाल नाही, पंखा नाही, लाईट नाही, तर तो डिस्प्लेचा प्रश्नच नाही, करंटचा आहे. पंखा सेकंदभर फिरून बंद पडतो आणि परत फिरतो, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, एसएमपीएस दमलाय किंवा रॅम नीट बसलेली नाही. पंखा व्यवस्थित फिरतोय पण स्क्रीन पहिल्यापासून काळी, हा आजचा मुख्य पेशंट. आणि चौथा प्रकार म्हणजे सुरुवातीला कंपनीचा लोगो दिसतो, गोल गोल फिरतं, आणि मग काळं होतं. या चौथ्याचं औषध एकदम वेगळं आहे. लोगो दिसला याचा अर्थ मॉनिटर चांगला, केबल चांगली, रॅम चांगली, बोर्डही चांगला. भानगड विंडोजमध्ये आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता एक फुकटची चाचणी, जी मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी शिकवतो. पंखा फिरून मिनिटभर झालं की कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. कीबोर्डवरची छोटी लाईट दाबल्याबरोबर लागते-विझते का ते बघा. लागत-विझत असेल तर आतला कॉम्प्युटर जिवंत आहे, तो विंडोजपर्यंतही पोचलेला असू शकतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. म्हणजे दोष डब्ब्याच्या मागच्या पोर्टपासून मॉनिटरपर्यंतच्या पाच फुटांत आहे. डब्बा उघडायची गरजच नाही. लाईट हलली नाही तर मात्र आत अडलंय असं समजायला जागा आहे. बिनतारी कीबोर्डला बहुतेक वेळा ही लाईट नसते, म्हणून एक जुना वायरवाला कीबोर्ड दुकानात ठेवाच. भंगारात देऊ नका त्याला.

मॉनिटरपासून सुरुवात, कारण तिथे पैसे लागत नाहीत

मॉनिटरची स्वतःची लाईट बघा. लागतच नसेल तर त्याची पॉवर केबल मागून दाबून बसवा. या केबल्स ढिल्या होतात, टेबल पुसताना ओढल्या जातात. एक्स्टेंशन बोर्डाचं त्या भोकाचं बटन बंद असणं हेही इतकं नेहमीचं आहे की त्यावर हसायचं नाही, फक्त बघायचं.

लाईट लागते तर मॉनिटरला जोडलेली व्हिडिओ केबल काढा, मॉनिटर बंद करून परत चालू करा. बहुतेक मॉनिटर अशा वेळी 'नो सिग्नल' किंवा 'केबल तपासा' असा चौकोन दाखवतात. तो दिसला की मॉनिटरचा पडदा, त्यातला दिवा आणि त्याचा सप्लाय ठीक आहे हे सिद्ध झालं. काहीच दिसत नसेल तर खोलीतली लाईट बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याला तिरपा धरा. टॉर्चच्या उजेडात पुसट अक्षरं, पुसट चित्र दिसलं तर चित्र येतंय, मागचा दिवा गेलाय. मॉनिटर दुरुस्तीला द्या, डब्बा घरीच ठेवा.

'नो सिग्नल' येतंय तर पुढचा प्रश्न असा की मॉनिटर कुठल्या दाराकडे बघतोय? मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असतात. केबल एचडीएमआयला आणि मॉनिटर मेनूमध्ये व्हीजीएवर बसलेला, असं पोरं बटनं दाबत राहिली की होतं. मेनूतलं 'इनपुट' किंवा 'सोर्स' बदलून बघा.

मग डब्ब्याची मागची बाजू. तुमच्या डब्ब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल (फोटो स्टुडिओवाल्यांकडे हमखास असतं) तर मागे दोन ठिकाणी स्क्रीनची पोर्ट दिसतील. एक यूएसबी आणि कीबोर्डच्या पोर्टजवळ, ते बोर्डचं. दुसरं खाली आडव्या पट्टीत, ते कार्डचं. कार्ड असताना बोर्डच्या पोर्टला केबल लावली तर बऱ्याच मशीन काहीच दाखवत नाहीत. साफसफाई करून डब्बा परत जोडल्यावर 'डिस्प्ले गेला' अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. उलटही लक्षात ठेवा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या आकड्याशेवटी 'एफ' असतो, त्यात चित्र काढायची सोयच नसते. कार्ड काढलं की बोर्डच्या पोर्टला जन्मात काही येणार नाही. एएमडीच्या जुन्या रायझेनमध्येही 'जी' नसलेल्या मॉडेलचं तसंच आहे. स्वस्त पडतं म्हणून कोणी असा प्रोसेसर घालून दिला असेल तर बिलावर मॉडेल बघून घ्या.

केबलचं थोडं सविस्तर सांगतो, कारण गावाकडे अजून निम्मं जग व्हीजीएवर चालतं. ही पद्धत आयबीएमने १९८७ साली आणली, म्हणजे माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा तिचं वय जास्त. निळं डोकं, तीन ओळींत १५ पिनांची जागा. केबल काढून पिना बघा. एखादी वाकली असेल तर बारीक चिमट्याने हळूच सरळ करा. मधल्या ओळीत एक पिन नसेल तर घाबरू नका, नऊ नंबरची पिन बऱ्याच केबल्समध्ये मुळातच नसते. "पिन तुटली म्हणून डिस्प्ले नाही" असं सांगून नवी केबल खपवणारे भेटतात, म्हणून सांगितलं. रंग पिवळा-गुलाबी दिसत असेल तर एखादा रंग पोचत नाही, तो केबलचा दोष. आणि दोन्ही बाजूचे स्क्रू आवळा, ते शोभेला दिलेले नाहीत.

नवा डब्बा आणि जुना मॉनिटर अशी जोडी असेल तर मधे एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर असतो. त्याच्या पोटात चिप असते, ती गरम होते आणि एके दिवशी गुपचूप मरते. वरून काहीच कळत नाही. कन्व्हर्टर असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले, पॉलिश करून विकले जाणारे डेल-एचपीचे छोटे डब्बे आता बाजारात भरपूर आहेत. त्यातल्या कित्येकांना एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयला जाणारी केबल साधारण एकाच दिशेने चालते, डब्ब्याकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी लावायला गेलात तर टोकं बसतील, चित्र येणार नाही.

शेवटी अदलाबदल. तुमचा डब्बा घरच्या टीव्हीला एचडीएमआयने लावा, किंवा कोणाचा लॅपटॉप तुमच्या मॉनिटरला लावा. पाच मिनिटांत फैसला होतो. टीव्हीवर चित्र आलं तर डब्ब्याला हात लावायचा नाही.

आत काय घडतं, आणि तुमची उधारी का सुरक्षित आहे

आता धरून चालू की मॉनिटर, केबल, पोर्ट सगळं ठीक आणि तरी काळं. डब्बा उघडण्याआधी दोन मिनिटं हे समजून घ्या.

बटन दाबलं की एसएमपीएस बोर्डाला सांगतो, 'माझा करंट स्थिर झाला.' मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच्या एका चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्राम वाचतो. बायोस हजेरी घेतो. रॅम आहे का? चित्र काढणारा आहे का? कीबोर्ड? या हजेरीला 'पोस्ट' म्हणतात, पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. चित्र काढणारा हजर झाला की पहिल्यांदा स्क्रीनवर लोगो येतो. आणि त्यानंतर, हे नीट लक्षात घ्या, विंडोज शोधायला तो हार्ड डिस्ककडे किंवा एसएसडीकडे वळतो.

म्हणजे लोगोच आला नाही तर गाडी हार्ड डिस्कच्या स्टेशनाआधीच थांबली आहे. हार्ड डिस्क खराब असती तर साधारणपणे स्क्रीनवर इंग्रजीत 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचं काहीतरी लिहून आलं असतं. आणि लिहून येणं म्हणजे डिस्प्ले असणं. (अपवाद आहे. एखादी डिस्क किंवा पेनड्राइव्ह आतून शॉर्ट झाली तर ती सगळ्यांनाच अडवते. म्हणून तपासताना प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळं बाहेरचं काढून ठेवायचं.)

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. तुमचं टॅली, तीन वर्षांची बिलं, शेतकऱ्यांची उधारी, फोटोंचे फोल्डर, हे सगळं त्या डिस्कवर आहे आणि या आजारात त्याला बहुधा धक्काही लागलेला नसतो. पहिल्यापासून काळी स्क्रीन असताना कोणी "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणत असेल तर त्याला शांतपणे विचारा, "भाऊ, लोगो येत नाही, तर फॉरमॅट कुठे बघून मारणार?" हा प्रश्न एकदा विचारता आला तरी आजचा धडा वसूल.

रॅम : खोडरबर खरंच चालतं, पण का?

लाईन बंद, वायर भिंतीतून काढलेली. मग डब्ब्याचं बटन १०-१५ सेकंद दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जातो. डब्ब्याच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावून घ्या. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच स्थिर वीज रॅमची चिप मारू शकते. चप्पल-सतरंजीचा काही नियम नाही, लोखंडाला हात लावणं पुरतं.

रॅम म्हणजे प्रोसेसरजवळची ती लांबट पट्टी. दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर दाबा (काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते), पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात आहेत. हवेतला ओलावा, धूळ, आणि आपल्या भागात कापसाचे बारीक तंतू, यांचा थर त्या दातांवर आणि खालच्या खाचेत बसतो. करंट इतका बारीक असतो की केसाएवढा अडथळाही पुरतो. पांढरं मऊ खोडरबर दातांवर हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवा, चुरा ब्रशने पूर्ण झाडा, खाच कोरड्या ब्रशने साफ करा. मग खाचेतली मधली फट जुळवून पट्टी सरळ दाबा, क्लिपा स्वतःहून 'टक' होईपर्यंत. हा टक महत्त्वाचा. अर्धी बसलेली रॅम वरून बसल्यासारखीच दिसते.

खरं सांगायचं तर अर्धं काम खोडरबर नाही करत, ते काढण्या-घालण्यातच होतं. घासून बसताना दात आणि खाच एकमेकांना साफ करतात. म्हणून खोडरबर नसेल तरी अडून बसू नका. पाणी, थुंकी, रॉकेल, सँडपेपर मात्र नको. सँडपेपरने सोन्याचा थर निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच आजार परत येतो.

दोन पट्ट्या असतील तर दोन्ही काढा आणि एकच लावून चालू करा. नाही आलं तर तीच दुसऱ्या खाचेत. नाही आलं तर दुसरी पट्टी, तसंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर आनंद होतो, पण दोष कुठला होता ते कधीच कळत नाही आणि पंधरा दिवसांनी परत तिथेच उभे असता.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. सगळी रॅम काढून कॉम्प्युटर चालू करा. बोर्डाला बझर असेल तर तो ओरडला पाहिजे, लांब लांब बीप. ओरडला तर आनंदाची बातमी, कारण 'रॅम नाही' असं म्हणायला प्रोसेसर जागा असावा लागतो, बायोस वाचला जावा लागतो, एसएमपीएसचा करंट पोचावा लागतो. म्हणजे 'मदरबोर्ड गेला' म्हणणं आता बरंच अवघड झालं. रॅम नसतानाही मुका राहिला तर संशय एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर या तिघांवर जातो. नव्या कित्येक बोर्डांना बझर लावलेलाच नसतो. तो छोटा काळा बझर थोड्या पैशांत वेगळा मिळतो, बोर्डावर 'स्पीकर' लिहिलेल्या पिनांवर बसतो. दुरुस्ती शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या खिशात तो असावा.

बीपची भाषा बायोसप्रमाणे बदलते, म्हणून पाठ करायला देत नाही. जुन्या बऱ्याच बोर्डांत एक लांब आणि दोन-तीन छोट्या बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार असते, इतकं पुरे. कंपनीच्या डब्ब्यांत, डेल-एचपी वगैरे, बीपच्या जागी पॉवरची लाईट पिवळी-लाल लुकलुकते. किती वेळा लुकलुकली ते मोजा, मोबाईलवर व्हिडिओ काढा. त्या मॉडेलच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला असतो.

एक अपवाद नव्या मशीनवाल्यांसाठी. डीडीआर-५ रॅमचा नवा डब्बा पहिल्यांदा चालू करताना किंवा रॅम बदलल्यावर काही मिनिटं काळाच राहू शकतो. तो रॅमशी जुळवून घेत असतो. घाईने बंद-चालू करत बसू नका, चहा घेऊन या.

एसएमपीएस आणि आपली लाईन

कागदावर आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. रब्बीत शेतीपंप एकदम सुरू झाले की दिवा किती मिणमिणतो ते तुम्हाला मी सांगायला नको. गडगडाट झाला, लाईन गेली-आली, की दुसऱ्या दिवशी दुकानात दोन-तीन डब्बे ठरलेले. एसएमपीएस हा लाईन आणि बोर्ड यांच्यामधला हमाल आहे, मार आधी तो खातो.

पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला, हा सगळीकडे पसरलेला गैरसमज. पंख्याला फार थोडं लागतं. प्रोसेसरला भरपूर लागतं, आणि ते बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या चार किंवा आठ पिनांच्या पिवळ्या-काळ्या वायरीतून येतं. ती वायर निघाली असेल तर पंखे छान फिरतात आणि स्क्रीन काळी. साफसफाईनंतरच्या तक्रारीत ही वायर जरूर बघा.

मल्टिमीटर असेल तर काळ्या वायरीच्या सोबतीने मोजा. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएस एकटा चालू करायची युक्ती पोरं करतात. त्यातून तो चालू होतो इतकंच कळतं, ओझं उचलतो की नाही ते नाही. त्यापेक्षा चालत्या मशीनमधला एसएमपीएस लावून बघणं बरं. पण ऑफिसातून निघालेल्या डेल-एचपीच्या बऱ्याच डब्ब्यांचा एसएमपीएस वेगळ्याच प्लगचा असतो, बाजारातला साधा त्याला बसत नाही.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एसएमपीएसचा डबा उघडू नका, वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका करंट उरलेला असू शकतो. आणि जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५-२३० लिहिलेलं लाल बटन असतं, ते हलवू नका. आपल्या लाईनवर ते ११५ ला केलं की फटाका.

डब्बा उघडलाच आहे तर बोर्डावर नजर फिरवा. उभ्या छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर दिसतील, त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी गळलेली असतील तर बोर्ड खरंच आजारी आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरात अशा खराब कपॅसिटरचे बोर्ड लाखोंनी निघाले होते. तेव्हापासून दुरुस्तीवाल्याची नजर आधी तिथेच जाते. मागची एखादी पत्र्याची पट्टी निघालेली असेल तर ती बंद करा. त्या फटीतून पाल, झुरळ, उंदीर जातात, आणि उंदराने कुरतडलेली वायर शोधण्यात माझा अख्खा दिवस गेलेला आहे.

गोल चपटा सेल, सीआर-२०३२, तोही आत दिसेल. वायर काढलेली असताना तो पाच मिनिटं काढून परत लावला की बायोसच्या सेटिंग मूळ जागी येतात, आणि चुकीच्या सेटिंगमुळे अडलेलं मशीन कधीकधी चालू होतं. सेल संपला तर सहसा नुसती तारीख मागे जाते. पण ती तारीखही दुकानदाराला त्रास देते. बिलावर जुनी तारीख छापली जाते आणि सरकारी वेबसाइट उघडत नाहीत.

मशीन चालू होऊन बरोबर चार-पाच सेकंदांत बंद पडतंय? पुढचं पॉवर बटन आत अडकलेलं आहे का बघा. बटन दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो, ते बटन सतत दाबलेलंच असेल तर दुसरं काय होणार. हा दोष मदरबोर्डच्या भावात दुरुस्त करून दिलेला मी पाहिलाय.

लोगो येऊन मग काळं

हे थोडक्यात. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटनं एकदम दाबा, डिस्प्लेचा ड्रायव्हर ताजा होतो. मग विंडोज आणि पी, चित्र दुसऱ्याच पडद्यावर पाठवलेलं असू शकतं. तरी नाही आलं तर लोगो दिसल्याबरोबर बटन दाबून बंद करा, असं तीनदा. विंडोज १० आणि ११ पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा उघडतात, तिथून सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढता येतो. निळी स्क्रीन आणि इंग्रजी अक्षरं आली तर तो या धड्याचा विषय नाही. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर असे निळे पडले होते, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले, आणि त्यात एकाचाही मॉनिटर खराब नव्हता.

दुकानात द्यायचाच झाला तर

इतकं करूनही काळं राहिलं तर खुशाल द्या, पण व्यापाऱ्यासारखं द्या. डिस्क स्वतः काढून घरी ठेवता आली तर उत्तम. साधी डिस्क असेल तर दोन वायरी आणि चार स्क्रू. यूएसबीच्या केसमध्ये घालून ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि टॅलीचा डेटा त्याच दिवशी कॉपी करा, दुकान लॅपटॉपवर संध्याकाळी सुरू होईल. अलीकडच्या विंडोज ११ वर डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असू शकतं. त्याची ४८ आकडी किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खातं कोणत्या मोबाईल नंबरवर काढलंय हे आजच, मशीन चालू असताना, वहीत लिहून ठेवा. कॉम्प्युटर लावून देणाऱ्या पोराने स्वतःच्या खात्यावर चालू करून दिला असेल तर तेही आजच बदलून घ्या.

'मदरबोर्ड गेला' सांगितलं तर विचारा, दुसरी चांगली रॅम लावून बघितली का, दुसरा एसएमपीएस लावून बघितला का, रॅम काढल्यावर बीप येतो का. चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुश होतो. मग हिशोब करा. बोर्ड बदलायचा खर्च जर वॉरंटीसकट मिळणाऱ्या जुन्या ऑफिसच्या डब्ब्याच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर माझं मत, जुन्यात पैसे ओतू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून चालतं. त्यामुळे दुसरी-तिसरी पिढीच्या बोर्डाला बोर्ड शोधत फिरणं आता धंद्याला परवडत नाही. डब्बा घेतलात तर आठवी पिढी किंवा त्यापुढचीच घ्या, आणि जुनी डिस्क त्यात दुसरी म्हणून लावून घ्या.

पावतीवर प्रोसेसरचं मॉडेल, रॅम किती जीबीची आणि किती पट्ट्या, डिस्क किती, हे लिहून घ्या. रॅमच्या स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बदललेला जुना पार्ट परत मागा, तो तुमचा आहे. आणि जे पार्ट बदललेत त्यांची वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकानदार, ते त्याच पावतीवर त्याच्याच हाताने लिहून घ्या.